हॅरी पुन्हा येतोय, पण आपला हॅरी येईल का?

तुमच्या घरात पस्तिशी-चाळिशीचं कुणी असेल आणि लहानपणी त्याला वाचनाचं वेड असेल, तर एक करून बघा. जेवताना सहज विचारा, "अकराव्या वाढदिवसाला घुबड पत्र घेऊन आलं होतं का?" समोरचा गोंधळला तर विषय बदला. पण तो नुसता हसला आणि म्हणाला, "अजून वाट बघतोय," तर समजा की तो हॅरी पॉटरवाल्यांपैकी आहे. एरवी बँकेत काम करणारी, मुलांचे डबे भरणारी, लोकल पकडणारी ही माणसं कधीकाळी हॉगवर्ट्स नावाच्या शाळेत मनाने सात वर्षं शिकलेली असतात.

या मंडळींमध्ये सध्या पुन्हा खळबळ आहे. एप्रिल २०२३ मध्ये घोषणा झाली, की जे. के. रोलिंग यांच्या सातही पुस्तकांवर नव्याने टीव्ही मालिका येणार. सिनेमांचा पुढचा भाग नाही, सिनेमांची आठवण नाही, तर पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात. एचबीओची ही मालिका दहा वर्षांच्या हिशोबाने आखलेली आहे. लेखनाची सूत्रं फ्रान्चेस्का गार्डिनर यांच्याकडे, तर अनेक भागांचं दिग्दर्शन मार्क मायलॉड यांच्याकडे. दोघांनीही 'सक्सेशन' या गाजलेल्या मालिकेसाठी काम केलंय. मायलॉड यांच्या खात्यावर 'गेम ऑफ थ्रोन्स'चे काही भागही आहेत.

सप्टेंबर २०२४ मध्ये ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या नऊ ते अकरा वर्षांच्या मुलांना खुलं आवाहन करण्यात आलं. तीस हजारांहून जास्त मुलांनी ऑडिशन दिली. त्यातून मे २०२५ मध्ये तीन नावं जाहीर झाली. हॅरी म्हणून डॉमिनिक मॅकलॉफ्लिन, हर्मायनी म्हणून अराबेला स्टँटन आणि रॉन म्हणून अ‍ॅलिस्टर स्टाउट. १४ जुलै २०२५ रोजी लंडनजवळच्या लीव्ह्स्डेन स्टुडिओत, म्हणजे जिथे सिनेमे झाले त्याच आवारात, चित्रीकरण सुरू झालं. त्या दिवशी गोल चष्मा आणि शाळेचा गणवेश घातलेल्या डॉमिनिकचा एक फोटो प्रसिद्ध झाला. चित्रीकरण सुरू झालं तेव्हा मालिकेसाठी २०२७ हे वर्ष सांगण्यात आलं होतं.

एक फोटो आला आणि लाखो लोकांनी तो मोठा करून बघितला. टाय बरोबर बांधलाय का, केस पुरेसे विस्कटलेत का, डोळ्यांचा रंग कोणता. पुस्तकात हॅरीचे डोळे हिरवेगार आहेत, अगदी त्याच्या आईसारखे, आणि कथेच्या शेवटाकडे त्या रंगाला फार महत्त्व येतं. सिनेमातल्या डॅनियल रॅडक्लिफचे डोळे निळे होते. बाहेरच्या माणसाला हा वेडेपणा वाटेल. पण तुम्ही ज्या गोष्टीवर प्रेम केलंय, तिच्या बाबतीत तुम्हीही इतकेच बारकाईने बघता. लग्नाच्या पंगतीत आजीच्या हातच्या अळूच्या फदफद्याशी तुलना केली नाही, असा माणूस दाखवा!

सिनेमांनी काय गाळलं?

आठ सिनेमे झाले, तेही गाजलेले. मग पुन्हा कशाला? पुस्तकं न वाचलेल्या कुणालाही हा प्रश्न पडेल. उत्तर हिशोबात आहे. आठही सिनेमे सलग बघितले तर साडेएकोणीस तासांच्या थोडं वर लागतात. पुस्तकांची प्रकरणं मात्र, शेवटचा उपसंहार सोडून, १९८ आहेत. पाचवं पुस्तक सातांमधलं सर्वांत जाडजूड, ३८ प्रकरणांचं. त्यावरचा सिनेमा मात्र १३८ मिनिटांचा, म्हणजे १७ प्रकरणांच्या पहिल्या पुस्तकावरच्या सिनेमापेक्षाही छोटा. एवढी मोठी गोष्ट एवढ्याशा वेळात बसवायची म्हणजे कात्री लागणारच.

कात्री कशावर लागली ते बघा. हॉगवर्ट्सच्या जिन्यांवर धुमाकूळ घालणारा, खडू फेकणारा, सगळ्यांच्या खोड्या काढणारा पीव्ह्ज नावाचा खोडकर पिशाच्च पुस्तकात पहिल्यापासून आहे. पहिल्या सिनेमासाठी रिक मेयल या विनोदी नटाने ही भूमिका केलीही होती, पण ती दृश्यं अंतिम सिनेमात ठेवलीच नाहीत. पहिल्याच पुस्तकात, शेवटच्या परीक्षांपैकी एक म्हणजे सात बाटल्यांचं कोडं. तिथे जादू चालत नाही, फक्त डोकं चालवावं लागतं, आणि ते कोडं हर्मायनी सोडवते. सिनेमात ते नाही. तिसऱ्या भागात हॅरीला मिळणारा तो जादूचा नकाशा कुणी बनवला, याचा खुलासा सिनेमा करतच नाही. पुस्तक वाचलेल्यांना त्या चार टोपणनावांमागची माणसं माहीत असतात आणि तीच तर त्या गोष्टीची जान आहे.

डॉबीचं उदाहरण तर मला सर्वांत जास्त खटकतं. हा घरगड्याचं काम करणारा छोटासा जीव दुसऱ्या सिनेमात दिसतो आणि मग थेट सातव्या पुस्तकाच्या पहिल्या सिनेमात उगवतो. पुस्तकात मात्र तो चौथ्या भागापासून हॉगवर्ट्सच्या स्वयंपाकघरात कामाला असतो, पगार घेतो, रंगीबेरंगी मोजे जमवतो. त्याच्यासारख्यांना हक्क मिळावेत म्हणून हर्मायनी चळवळ उभी करते, बिल्ले बनवते, वर्गमित्रांकडून वर्गणी मागते आणि सगळ्यांच्या थट्टेचा विषय होते. हे सगळं मधल्या सिनेमांतून गायब आहे. त्यामुळे पुढे डॉबीच्या वाट्याला जे येतं, ते बघताना सिनेमाच्या प्रेक्षकाला वाईट वाटतं, वाचकाच्या मात्र घशात आवंढा येतो.

आणि नेव्हिल. अभ्यासात मागे, घाबरट, विसरभोळा नेव्हिल लाँगबॉटम. त्याच्या आईवडिलांना इतका छळ सोसावा लागलेला असतो, की ते भान हरपून कायमचे इस्पितळात आहेत. पाचव्या पुस्तकात हॅरी आणि त्याचे मित्र योगायोगाने त्या वॉर्डात जातात. नेव्हिलची आई काही न बोलता हळूहळू चालत येते आणि मुलाच्या हातात च्युइंगगमचा रिकामा कागद ठेवते. आजी म्हणते, टाकून दे तो, असे ढिगाने दिलेत तिने. नेव्हिल हो म्हणतो, पण कागद गुपचूप खिशात घालतो. सिनेमात नेव्हिल हॅरीला आईवडिलांबद्दल सांगतो खरा, पण तो इस्पितळातला प्रसंग नाही. मालिकेने पंचवीस दृश्यं बिघडवली आणि हे एक नीट केलं, तरी कित्येक वाचक माफ करतील.

पण एक गोष्ट उलटीही आहे. पहिलं पुस्तक छोटं, त्यातलं बरंचसं अडीच तासांच्या पहिल्या सिनेमात आलेलंच आहे. म्हणजे पहिल्या सीझनमध्ये आपल्याला बहुतेक तेच दिसणार, जे आपण पंचवीस वर्षांपूर्वी पाहिलंय. मालिकेचा खरा फायदा चौथ्या, पाचव्या, सहाव्या पुस्तकांत आहे. तिथवर पोहोचेपर्यंत प्रेक्षकांनी धीर धरला पाहिजे आणि पैसे घालणाऱ्यांनीही.

दुधाने पोळलेली तोंडं

चाहते इतके सावध का, हे समजायचं तर इतरांचं काय झालं ते बघायला हवं. रिक रिओर्डन यांच्या 'पर्सी जॅक्सन' पुस्तकांवर २०१० आणि २०१३ मध्ये दोन सिनेमे आले. बारा वर्षांच्या नायकाला थेट मोठा मुलगा करून टाकलं होतं. वाचक नाराज, लेखकही नाराज. शेवटी डिसेंबर २०२३ मध्ये लेखकाच्याच सहभागाने मालिका आली, वयाने योग्य मुलं घेऊन, आणि मग कुठे वाचकांना हायसं वाटलं.

रॉबर्ट जॉर्डन यांची 'व्हील ऑफ टाइम' ही मालिका १९९० मध्ये सुरू झाली. २००७ मध्ये लेखक गेले. त्यांच्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसन यांनी ती पुढे लिहिली आणि २०१३ मध्ये चौदावा खंड येऊन कथा पूर्ण झाली. वाचकांनी तेवीस वर्षं वाट पाहिली होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यावर टीव्ही मालिका आली, सुरुवातीला बरीच कुरकुर झाली, तिसऱ्या सीझनपर्यंत तिला सूर सापडला, आणि मे २०२५ मध्ये ती बंद झाल्याचं जाहीर झालं. चौदा खंडांची गोष्ट पडद्यावर अर्ध्यातच राहिली.

'गेम ऑफ थ्रोन्स'चं दुखणं वेगळं. २०११ मध्ये मालिका सुरू झाली, त्याच वर्षी जॉर्ज मार्टिन यांचं पाचवं पुस्तक आलं, आणि मग मालिका पुस्तकांच्या पुढे निघून गेली. २०१९ मध्ये आलेल्या शेवटावर चाहते किती चिडले, हे तुम्हाला आठवत असेल. हॅरी पॉटरला ही भीती नाही. त्याची गोष्ट २१ जुलै २००७ रोजीच संपली आहे. लिहिणाऱ्यांना शेवट माहीत आहे आणि पाहणाऱ्यांनाही.

आपल्यालाही हा अनुभव नवा नाही. देवकीनंदन खत्रींच्या 'चंद्रकांता'वर दूरदर्शनवर १९९४ मध्ये मालिका आली, तेव्हा कादंबरीचे जुने वाचक म्हणत होते, ही कुठली चंद्रकांता? आणि ज्यांनी कादंबरी बघितलीही नव्हती ती पोरं गल्लीत क्रूरसिंगाची नक्कल करत फिरत होती. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे छोट्या पडद्यावर सुमीत राघवन झाला, तर २०१७ च्या सिनेमात अमेय वाघ. सिनेमातला फेणे वयाने मोठा. शाळकरी, सायकलवरचा बनेश मनात जपलेल्यांना तो परका वाटला असेल, पण त्या सिनेमानंतर घरातल्या मुलांनी जुनी पुस्तकं मागितली असतील, तर तेही काही कमी नाही.

चेहऱ्यांचा प्रश्न

वाचताना आपल्या मनात एक चेहरा तयार होतो. सिनेमा येतो आणि तो चेहरा पुसून आपला चिकटवतो. आज प्रोफेसर मॅकगोनॅगल म्हटलं की मॅगी स्मिथच दिसतात, हॅग्रिड म्हटलं की रॉबी कोल्ट्रेन, स्नेप म्हटलं की अ‍ॅलन रिकमन आणि त्यांचा तो थंड, लांबवत बोलणारा आवाज. हे तिघेही आता हयात नाहीत. त्यामुळे नव्या नटांची तुलना जिवंत माणसांशी नाही, आठवणींशी होणार. आणि आठवणींशी कुणी जिंकत नाही.

नव्या मालिकेत मॅकगोनॅगल म्हणून जॅनेट मॅक्टियर, हॅग्रिड म्हणून निक फ्रॉस्ट, तर डंबलडोर म्हणून जॉन लिथगो आहेत. लिथगो यांचा जन्म १९४५ चा, आणि काम दहा वर्षांचं. चाहत्यांना इथे रिचर्ड हॅरिस आठवतात. पहिल्या दोन सिनेमांनंतर, २००२ मध्ये त्यांचं निधन झालं आणि भूमिका मायकेल गॅम्बन यांच्याकडे गेली. जुन्या सिनेमांतले वॉरविक डेव्हिस मात्र प्रोफेसर फ्लिटविक म्हणून परत येतायत, तेवढाच ओळखीचा चेहरा.

सर्वांत जास्त वाद झाला तो स्नेपवरून. ही भूमिका पापा एसिएदू हा कृष्णवर्णीय ब्रिटिश नट करतोय. पुस्तकातला स्नेप फिकट कातडीचा, तेलकट काळ्या केसांचा आहे, म्हणून काहींनी आक्षेप घेतला. काहींचा मुद्दा वेगळा होता. शाळेत असताना हॅरीचे वडील आणि त्यांचे मित्र स्नेपला छळायचे. आता त्या प्रसंगाला वर्णद्वेषाची छटा येईल का? हा प्रश्न विचार करण्यासारखा आहे आणि लेखकांना तो सोडवावा लागेल. पण नटाच्या रंगावरून शिवीगाळ करणाऱ्यांना मी चाहते म्हणणार नाही. एक गोष्ट मात्र कुणी फारशी बोलत नाही. पहिल्या पुस्तकात स्नेप जेमतेम एकतीस वर्षांचा आहे. रिकमन तेव्हा पन्नाशी ओलांडलेले होते. १९९० मध्ये जन्मलेला एसिएदू वयाने पुस्तकाच्या जास्त जवळ आहे. तरुणपणीची जखम अजून ओली असलेला शिक्षक, हे त्या वयात वेगळं दिसेल.

मुलांचं काय? तीनही मुलांच्या बाबतीत दोन काळज्या आहेत. पहिली, वाढत्या वयाची. सिनेमांचं काम २००० ते २०१० असं दहा वर्षं सलग चाललं, म्हणून मुलं आणि पात्रं साधारण बरोबरीने मोठी झाली. हल्लीच्या भव्य मालिकांना एकेका सीझनला दोन-तीन वर्षं लागतात. 'स्ट्रेंजर थिंग्ज'चे पाच सीझन २०१६ ते २०२५ असे पसरले आणि शाळकरी पोरांची भूमिका करणारे नट वयाने पंचविशीजवळ पोहोचले. सात पुस्तकांसाठी असाच वेग राहिला तर शेवटच्या सीझनला हॅरीला दाढी करून सेटवर यावं लागेल!

दुसरी काळजी आईबापांना चटकन कळेल. अकराव्या वर्षी जगभर प्रसिद्ध होणं हे कुठल्याही पोरासाठी सोपं नाही. ब्रिटनमध्ये बालकलाकारांच्या कामाच्या तासांवर कायद्याची मर्यादा आहे आणि शिक्षण चालू ठेवणं बंधनकारक आहे, हे खरं. पण कायदा फोनवर येणाऱ्या टोमण्यांपासून वाचवत नाही. रॅडक्लिफने डॉमिनिकला शुभेच्छांचं पत्र पाठवलं होतं. या नव्या मुलांची सतत आपल्याशी तुलना होऊ नये, असं त्याचं म्हणणं आहे. तुमच्या घरातलं कुणी पहिला भाग बघून या मुलांबद्दल काही खरडायला बसलं, तर त्याला एवढं एक आठवून द्या, की समोरचं पोर सहावी-सातवीच्या वयाचं आहे.

लेखिकेबद्दलही बोलायलाच हवं. रोलिंग या मालिकेच्या कार्यकारी निर्मात्या आहेत. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांबद्दल त्यांनी गेल्या काही वर्षांत जी जाहीर भूमिका घेतली, तिच्यामुळे चाहत्यांत मोठी फूट पडली. रॅडक्लिफसह सिनेमांतल्या काही कलाकारांनीही उघड असहमती दाखवली. काहीजणांनी मालिका न बघायचं ठरवलंय, काहीजण म्हणतात पुस्तक एकदा आपलं झालं की ते लेखकाचं राहत नाही, तर काहींना त्यांची भूमिकाच पटते. घरात कॉलेजची मुलं असतील तर हा वाद जेवणाच्या टेबलावर येईलच. टाळू नका.

१९८ रात्री आणि एक परीस

मालिकेआधी पुस्तकं वाचायची की नंतर? माझं मत स्पष्ट आहे, आधी. एकदा पडद्यावरचा चेहरा बसला की आपला स्वतःचा हॅरी पुन्हा तयार होत नाही. तुमच्या मुलाने सिनेमे अजून बघितले नसतील, तर ही संधी फक्त एकदाच मिळते.

रोज रात्री झोपण्यापूर्वी एक प्रकरण, एवढाच बेत करा. पहिलं पुस्तक सतरा रात्रींत संपतं. सातही वाचायची म्हटली तर १९८ रात्री, म्हणजे साडेसहा महिने. पण सगळी एका दमात वाचून टाकू नका. पहिली दोन-तीन पुस्तकं आठ-नऊ वर्षांच्या मुलाला सहज झेपतात. चौथ्याच्या शेवटापासून मृत्यू खऱ्या अर्थाने कथेत येतो, पाचवं रागाने भरलेलं आहे, आणि शेवटचं तर युद्धाचं पुस्तक आहे. मूळ वाचक वर्षावर्षाने मोठे होत ती वाचत गेले. तुमच्या मुलालाही तेवढी उसंत द्या.

आणि मराठी विसरू नका. भोपाळच्या मंजुल प्रकाशनाने ही पुस्तकं मराठीत आणली आहेत. पहिल्याचं नाव 'हॅरी पॉटर आणि परीस'. इंग्रजीतल्या त्या लांबलचक दगडासाठी आपल्याकडे असा नेमका शब्द तयार होता! अमेरिकेत प्रकाशकांना वाटलं की मुलांना मूळ नाव कळणार नाही, म्हणून त्यांनी ते बदललं. आपल्या आजीला मात्र लोखंडाचं सोनं करणारा दगड समजावून सांगावा लागत नाही.

तुम्ही इंदूर, बंगळुरू, हैदराबाद किंवा दिल्लीत राहत असाल, मुलांची शाळा इंग्रजीत, मित्र हिंदीत आणि मराठी फक्त आजीशी फोनवर, तर याचा चांगला उपयोग होतो. नातवाच्या हातात इंग्रजी प्रत, आजीच्या हातात मराठी. ठरवून दोघांनी एकच प्रकरण वाचायचं आणि रविवारी फोनवर बोलायचं. आजीला क्विडिच समजणार नाही. नातू समजावेल, आणि मराठीत समजावताना 'झाडूवर बसून हवेत खेळायचा खेळ' इथवर तरी पोहोचेल. जिन्याखालच्या कपाटात पोरक्या भाच्याला झोपवणारी मावशी मात्र आजीला लगेच कळेल. अशा एक-दोन तिने पाहिलेल्या असतात.

मालिका सुरू झाली की तुम्हाला एक काम देते. पहिल्या पुस्तकात नव्या मुलांची हाउसप्रमाणे विभागणी होते, तेव्हा यादीत दोन जुळ्या बहिणी येतात, आडनाव पाटील. होय, आपल्यातलं पाटील. पुस्तकात पार्वती ग्रिफिन्डॉरमध्ये आणि पद्मा रेव्हनक्लॉमध्ये. सिनेमांनी पुढे दोघींनाही एकाच हाउसमध्ये कोंबलं आणि चौथ्या भागातल्या नृत्यसमारंभात त्यांना लेहंगे नेसवले. पुस्तकात त्या बाकीच्या मुलींसारखे झगे घालतात, एक भडक गुलाबी आणि दुसरी निळसर हिरवा. रेव्हनक्लॉचे रंगही सिनेमात निळा-चंदेरी झाले होते, पुस्तकात ते निळा आणि कांस्य आहेत. तेव्हा सॉर्टिंग हॅटचा प्रसंग लागला की थोडं पुढे सरकून बसा आणि पद्मा पाटीलच्या टायकडे नीट बघा.